कोरियाच्या गल्लीतली पाच घरे

टीव्हीवरील मालिका हा विषय कार्यकर्त्यांच्या बैठकीत निघाला की मंडळी हसतात. बायकांचा विषय, रिकामपणाचा उद्योग, असे म्हणून तो बाजूला सारला जातो. आमचे मत वेगळे आहे. रात्री आठ ते दहा या वेळात वस्तीतल्या घराघरात जे दिसते, त्याचा मुलांच्या बोलण्यावर, मुलींच्या स्वप्नांवर आणि म्हाताऱ्या माणसांच्या झोपेवर परिणाम होतो. तेव्हा तो बैठकीचाही विषय आहे. आज आम्ही लिहिणार आहोत ते कोरियाच्या मालिकांविषयी. वाचकहो, नाव वाचून पान उलटू नका. परदेशातल्या राजेरजवाड्यांच्या गोष्टी आम्ही सांगणार नाही. भाड्याची खोली, उसनवारी, दोन अंडी आणि तीन मुले, असा हा मामला आहे.

आमच्या घरात कोरिया आला तो मुलीच्या मोबाईलमधून. ती कॉलेजात शिकते. कानात वायर घालून ती एकटीच हसायची, एकटीच रडायची. शेवटी आमच्या आई म्हणाल्या, "एवढं काय बघती ती, आम्हालाबी दाव की." तेव्हापासून मोबाईल टीव्हीला जोडला गेला. आईंचे वय अठ्ठ्याहत्तर. त्यांना वाचता येत नाही, आणि पडद्याखाली येतात ती इंग्रजी अक्षरे. मग नात ती अक्षरे वाचून लगेच मराठीत सांगते. त्यामुळे आमच्या घरात कोरियाची माणसे मराठी बोलतात, आणि तीही थेट आमच्या चाळीची मराठी. काही शब्दांना भाषांतर लागतही नाही. तिकडे मुले बापाला 'आप्पा' म्हणतात. आईला 'ओम्मा'. ओळखीचे माणूस भेटले की पहिला प्रश्न, जेवलास का? आईंना हे फार पटले. "माणसंच हाईत," असा त्यांनी निर्वाळा दिला.

घरात सर्वांनी मिळून पाहिलेली पहिली मालिका म्हणजे 'रिप्लाय १९८८'. ती टीव्हीएन या कोरियन केबल वाहिनीवर नोव्हेंबर २०१५ ते जानेवारी २०१६ या काळात दाखवली गेली. भाग फक्त वीस. लेखिका ली ऊ-जंग आणि दिग्दर्शक शिन वॉन-हो. कथा घडते ती सेऊल शहराच्या उत्तरेकडील सांगमुन-दोंग या भागातल्या एका गल्लीत, १९८८ साली, म्हणजे सेऊलला ऑलिम्पिक झाले त्या वर्षी. गल्लीत पाच घरे आणि त्या घरांतली पाच मुले. खून नाही, कटकारस्थान नाही, सासूचे डोळे वटारणे नाही. कोणाचा डबा, कोणाची परीक्षा, कोणाच्या घरातला कोळसा संपला, एवढ्यावर दीड-दीड तासाचा भाग चालतो आणि माणूस जागचा हलत नाही.

नायिका डॉक-सन. तिचा बाप बँकेत नोकरीला. आता बँकेतला माणूस म्हणजे खाऊनपिऊन सुखी असायला हवा. पण याने मित्राच्या कर्जाला जामीन म्हणून सही केली, मित्र बुडाला आणि हप्ते याच्या पगारातून जाऊ लागले. म्हणून बायको आणि तीन मुले घेऊन तो दुसऱ्याच्या घराच्या तळघरवजा खोल्यांत भाड्याने राहतो. खोली अर्धी जमिनीखाली, खिडकी रस्त्याच्या पातळीला. अशा घराला तिकडे 'बांजिहा' म्हणतात. हे पाहताना आमच्या ऑफिसातल्या कितीतरी माणसांचे चेहरे डोळ्यांसमोर आले. कर्मचारी पतपेढीत जामिनाची सही म्हणजे काय, हे क्लार्क माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. सही करताना चहा मिळतो. पुढे पगाराच्या स्लिपवर दुसऱ्याचा हप्ता दिसतो. आणि घरमालक तरी कोण? तेही कालपरवापर्यंत गरीबच. पोराने घेतलेल्या ऑलिम्पिक लॉटरीच्या तिकिटाला बक्षीस लागले आणि घराचे दिवस पालटले. तरी त्यांच्या वागण्यात मालकी नाही.

डॉक-सन मधली. थोरली बहीण हुशार, सेऊलच्या सर्वात मोठ्या विद्यापीठात शिकणारी. धाकटा भाऊ, म्हणजे एकुलता मुलगा. मधलीचा वाढदिवस बहिणीच्या वाढदिवसानंतर अवघ्या तीन दिवसांनी येतो, म्हणून दरवर्षी एकाच केकवर दोघींचे भागवतात. मेणबत्त्या विझवायच्या आणि पुन्हा पेटवायच्या. यंदा तरी माझा वेगळा करा, असे तिने आधी सांगून ठेवलेले असते. तरीही तेच होते, आणि ती पोर फुटते. अंडी तळली की ती या दोघांना का? कोंबडीची तंगडी या दोघांना आणि मला पंख का? मलाही अंडे आवडते, हे कोणाला ठाऊक आहे का? पुढे एका रात्री बाप एक लहानसा केक घेऊन येतो आणि तिची समजूत काढतो. आपण काही जन्मापासून बाप नव्हतो, बापपण आपणही पहिल्यांदाच करतो आहोत, अशा अर्थाचे काहीतरी तो बोलतो. भारी संवाद नाहीत. एक ओशाळलेला बाप आणि एक लहान केक.

हा भाग लागला तेव्हा आमच्या ताई अंबरनाथहून आल्या होत्या. ताईंविषयी थोडे सांगितले पाहिजे. आमचे वडील गिरणीत होते. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला आणि गिरणी पुन्हा धड चालू झालीच नाही. आई घरकामाला जाऊ लागल्या. आम्ही तेव्हा तीन वर्षांचे. आम्हाला सांभाळायला घरी कोण? थोरले बंधू मुलगा म्हणून शाळेत राहिले. ताई सातवीत होत्या, त्यांचे दप्तर खुंटीला लागले. घरात अंडी आलीच तर दोन यायची. एक बंधूंना, एक आम्हाला. "तुझं बीकॉम माझ्या अंड्यावर झालंय," असे ताई आजही हसत सांगतात. आज त्या वीस-पंचवीस माणसांचे डबे करतात आणि दोन्ही मुलींना त्यांनी पदवीपर्यंत शिकवले.

तर ताई मांडीवर पालेभाजी निवडत पाहत होत्या. कोरियाची पोर ओरडून रडू लागली तसे त्यांचे हात थांबले. भाग संपला. ताईंनी भाचीला विचारले, "मग पुढं तिला अंडं मिळालं का?"

मुलगी म्हणाली, "आत्या, पुढे बघ ना."

तोवर कोपऱ्यातून आईंचा आवाज आला, "दोनच यायची गं तवा." त्यांच्याकडे कोणी काही विचारले नव्हते. ताई काही बोलल्या नाहीत. भाजी निवडून झाली, त्या उठून आईंच्या शेजारी जाऊन बसल्या आणि त्यांचे पाय दाबू लागल्या. चाळीस वर्षांत आमच्या घरात हा विषय हसण्यावारीच निघाला होता. असा तो कधी निघाला नव्हता.

या मालिकांनी मन हलके होते असे मुली म्हणतात. ते कसे होते, हे आम्ही त्या रात्री पाहिले. आपल्याकडच्या मालिकेत गरीब बाई येते ती एक तर त्यागाची मूर्ती होऊन येते, नाहीतर मोलकरीण होऊन पाण्याचा ग्लास ठेवून जाते. तिच्या वाट्याचे अंडे कोणी मोजत नाही. कोरियाच्या लेखिकेने ते मोजले. पूर्वी आपल्याकडेही हे होत होते. दूरदर्शनवर १९८६ साली 'नुक्कड' होती, १९८८ साली 'वागले की दुनिया' होती. कोपऱ्यावरची माणसे, कारकुनाचे घर, महिनाअखेर. आमच्या लहानपणी सगळी चाळ एका टीव्हीपुढे बसून ते पाहत असे. नंतर पडद्यावरचे जिने रुंद होत गेले, झुंबरे आली, बायका झोपतानाही दागिने घालू लागल्या, आणि क्लार्क पडद्यावरून बेपत्ता झाला.

आयांचे प्रसंग तर या मालिकेत एकाहून एक आहेत. घरमालकीणबाई तोंडाळ, दणकट, गल्लीची पुढारी. पण त्यांना इंग्रजी अक्षरे वाचता येत नाहीत. परदेशप्रवासाच्या निमित्ताने हे त्यांना तरुण मुलाला सांगावे लागते. सांगताना त्यांचा आवाज बारीक होतो. तो मुलगा काही क्षण नुसता पाहत राहतो. आमच्या वाचक भगिनींपैकी ज्यांनी पोरांकडून फॉर्म भरून घेतले आहेत, त्यांना हा प्रसंग आम्ही अधिक सांगायला नको. दुसरी एक विधवा आई आहे. तिची आई गावाहून येणार म्हणून ती शेजारणींकडून सामान आणून घर भरलेले दाखवते. म्हातारी काही बोलत नाही. जाताना गुपचूप पैशाचे पाकीट ठेवून जाते. लेक फोनवर रडते.

आणि डॉक-सनची आई. थोरली लेक बो-रा चळवळीत पडलेली आहे. १९८७ सालच्या मोठ्या जनआंदोलनानंतर लष्करी राजवटीला निवडणुका मान्य कराव्या लागल्या, तरी विद्यार्थ्यांचे मोर्चे चालूच होते. पोलीस गल्लीत येतात. पाऊस पडतो आहे. आई पायातून रक्त येत असताना पोलिसांपुढे उभी राहते आणि आपली मुलगी किती गुणाची आहे हे त्यांना समजावून सांगते. राजकारण तिला कळत नाही. मुलगी कळते. ते पाहून हट्टी बो-रा नरमते. १९९७ च्या जुलैत घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात गोळीबार झाला, दहा माणसे गेली. त्यानंतरच्या मोर्चाला आम्ही गेलो होतो. तेव्हा आम्ही कॉलेजात होतो. घरी परतायला रात्र झाली तर आई चाळीच्या जिन्यावर बसलेल्या. काही विचारले नाही, ताट वाढले. बो-राच्या आईला पावसात पाहून आई एवढेच म्हणाल्या, "हिच्या पायाला कुणी फडकं बांधा."

आता वाटीविषयी. पहिल्याच भागात संध्याकाळची वेळ आहे. एक आई पोराच्या हातात भाजीचे भांडे देते, अमक्याकडे देऊन ये. त्या घरची बाई भांडे रिकामे करून त्यात आपल्याकडचे काही घालते. पाचही घरांची पोरे गल्लीतून भांडी घेऊन इकडून तिकडे पळताहेत. शेवटी एक पोरगा वैतागतो, एवढे करण्यापेक्षा सगळे एकत्रच जेवा की. सगळे हसले. आमच्या आई हसल्या नाहीत. त्यांनी विचारले, "त्यांच्यात कोण कुणाचं खातं, ते बघत न्हाईत का?"

आमच्या माळ्यावर वाट्या फिरत. पण पलीकडच्या चाळीतून दिवाळीला फराळ यायचा, आणि आमच्याकडून गेलेला डबा कित्येकदा न उघडता परत यायचा. आज उपवास आहे, आज पोट बरे नाही. निमित्त गोड शब्दांत यायचे. आईंच्या प्रश्नाला मुलीकडे उत्तर नव्हते, म्हणून आम्ही थोडे वाचन केले. ते वाचकांना सांगण्याजोगे आहे.

कोरियातही बहिष्कृत माणसे होती. त्यांना 'बेकजंग' म्हणत. जनावरे कापणे, कातडे कमावणे, टोपल्या विणणे ही त्यांची कामे. त्यांची वस्ती वेगळी, पोशाखावर बंधने, लहान पोरानेही त्यांना अरेतुरे करावे अशी रीत. १८९४ साली सरकारने सुधारणा करून हा भेद कायद्याने रद्द केला. पण कायदा झाला म्हणून शेजारी बदलले नाहीत, आणि त्यांच्या मुलांना शाळेत घेण्यास विरोध होतच राहिला. मग एप्रिल १९२३ मध्ये जिंजू या गावी त्यांची संघटना उभी राहिली, 'ह्यंगप्यंगसा'. या नावात तराजूचा अर्थ आहे, दोन्ही पारडी सारखी असणारा तराजू. खाटकाच्या हातातलीच वस्तू त्यांनी समतेची खूण म्हणून घेतली. त्याच १९२३ च्या एप्रिलमध्ये बाबासाहेब लंडनहून मुंबईला परतले होते. दोन टोकांच्या दोन देशांत एकाच वेळी हे चालले होते, आणि शाळेत आम्हाला हे कोणी सांगितले नाही! पुढे १९५० ते १९५३ च्या युद्धात कोरियातली गावेच्या गावे उठली, माणसे देशभर विखुरली. कोण कोणाचा हे ओळखणारे जुने गाव मागे राहिले नाही आणि तो शिक्का पुसत गेला. १९८८ च्या गल्लीत भांडे बिनधास्त फिरते त्याच्या मागे हे सारे आहे. आईंना हे सांगितले. त्यांनी लक्ष देऊन ऐकले आणि विचारले, "म्हंजे लढाई व्हावी लागली व्हय?"

'रिप्लाय' संपल्यावर घरात दुसरी मालिका आली. इंग्रजीत तिचे नाव 'व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरिन्स', मार्च २०२५ मधली, भाग सोळा. मूळ कोरियन नाव जेजू बेटाच्या बोलीत आहे. त्याचा अर्थ साधारण, फार कष्ट उपसलेत हो, असा. ही कथा जेजू बेटावरच्या ए-सुन नावाच्या मुलीची. तिची आई 'हेन्यो', म्हणजे पाठीवर प्राणवायूची नळी वगैरे काही न घेता समुद्रात बुडी मारून शिंपले, गोगलगायी काढणारी बाई. अशा बायका तिथे आजही आहेत आणि युनेस्कोने २०१६ साली त्यांच्या परंपरेची अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून नोंद केली. पण वारशाच्या नोंदीत छातीचे दुखणे लिहीत नाहीत. ए-सुनची आई तरुणपणीच जाते. ए-सुन शाळेत हुशार, वर्गात मते तिलाच जास्त, पण मॉनिटर होतो श्रीमंताचा मुलगा. हे पाहताना आमच्या चाळीतली पोरे चिडली, त्यांना फार ओळखीचे वाटले.

ए-सुनचा नवरा ग्वान-शिक. सासरी रीत अशी की पुरुष मोठ्या मेजाशी जेवणार आणि बायका-मुली बाजूला वेगळ्या. एके दिवशी हा माणूस बसल्या जागी वळतो. वडीलधाऱ्यांकडे पाठ आणि बायको-मुलीकडे तोंड करून जेवू लागतो. भाषण नाही, भांडण नाही. आमच्या पत्नी हा प्रसंग पाहून म्हणाल्या, "कार्यक्रमात बायका शेवटच्या पंगतीला बसतात, तेव्हा तुमच्यातले किती जण असे वळतात?" हा प्रश्न आम्ही मंडळाच्या बैठकीत जसाच्या तसा मांडला आहे. गेल्या कार्यक्रमात पंगत एकत्र झाली. भात कमी पडला, ती गोष्ट वेगळी.

सगळे गोडच आहे असे मात्र नाही, आणि कार्यकर्त्याच्या नजरेला ते दिसल्याशिवाय राहत नाही. 'रिप्लाय १९८८' मध्ये ऑलिम्पिक येते ते उत्साहाचे. डॉक-सन उद्घाटनाच्या संचलनात एका देशाची पाटी धरणार असते. पण सांगमुन-दोंगपासून जवळच सांगग्ये-दोंग आहे. तिथली गरिबांची वस्ती १९८६-८७ मध्ये पुनर्विकासासाठी पाडली गेली. किम दोंग-वॉन यांनी त्या लोकांबरोबर राहून २७ मिनिटांचा माहितीपट केला, 'सांगग्ये-दोंग ऑलिम्पिक'. तो १९८८ चाच. हटवलेल्यांतले काही जण शहराबाहेर रस्त्याकडेला गेले, तर ऑलिम्पिकची मशाल त्या रस्त्याने जाणार म्हणून तिथेही झोपड्या उभारू दिल्या नाहीत. माणसे जमिनीत खड्डे करून राहिली. मालिकेच्या गल्लीत यातले काही ऐकू येत नाही. बांजिहा घरेही संपलेली नाहीत. ऑगस्ट २०२२ च्या पावसात सेऊलमध्ये अशाच एका घरात पाणी शिरून दोन बहिणी आणि एकीची तेरा वर्षांची मुलगी बुडून गेल्या. मालिकेतली खिडकी पाहताना आम्हाला ती खिडकी आठवते.

शेवटच्या भागात पाचही कुटुंबे गल्ली सोडतात. घरे ओस, भिंती पडलेल्या, पुनर्विकास आलेला. डॉक-सनचा बाप पांग्योला घर घेतो. पुढे तिथे संगणक कंपन्यांची नगरी झाली, म्हणजे त्याचे भलेच झाले. आमच्या चाळीतही सध्या संमतीपत्रांवर सह्या चालू आहेत. नकाशा छान आहे, संडास घरात, लिफ्ट आहे. वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. आमचे नातलगही सांगतात की घर चांगले आहे. आम्ही सहीच्या बाजूचे आहोत. फक्त भाडेकरूंचे आणि देखभालीच्या महिन्याच्या खर्चाचे काय, हे कागदावर लिहून द्या, एवढा आमचा आग्रह आहे आणि त्यावर पत्रव्यवहार चालू आहे. आईंनी अजून अंगठा दिलेला नाही. नव्या इमारतीत दरवाजे बंद असतात, मग भांडे घेऊन पोराला कुठे पाठवायचे, असे त्या विचारतात.

ज्यांना पाहायचे आहे त्यांनी 'रिप्लाय' पासून सुरुवात करावी. पहिले दोन भाग नावे लक्षात ठेवण्यात जातात, धीर धरावा. घरात एखादे वाचणारे पोर जवळ बसवावे. रोज एकच भाग पाहावा, नाहीतर सकाळची लोकल चुकते. सध्या आमच्याकडे २०१८ सालची 'माय मिस्टर' चालू आहे. तिच्यातली एक मुलगी ऑफिसात तात्पुरत्या नोकरीवर आहे. डोक्यावर कर्ज, घरी ऐकू-बोलू न येणारी आजी. ऑफिसातल्या कॉफीच्या पुड्या ती खिशात घालून घरी नेते आणि रात्री दोन पुड्यांची कॉफी पिऊन झोपते. तेच तिचे जेवण. एका रात्री चंद्र दाखवायला ती आजीला दुकानातल्या सामानाच्या ढकलगाडीत बसवून बाहेर नेते. आमच्या ऑफिसातही कंत्राटावरच्या तीन मुली आहेत. ताईंचा काल फोन आला होता, त्या कुठवर पाहून झाल्या ते सांगायला. त्या पोरीला रोज एक डबा द्यायला आपल्याला परवडेल का, असा हिशेब त्यांनी फोनवर करून दाखवला. तेव्हा आम्ही त्या तीन मुलींविषयी सांगितले. सोमवारपासून डबे येणार आहेत.